बारा टप्प्यांचा तक्ता आणि बेहड्याचे झाड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पटकथेवर आलेल्या लेखात ‘कॅम्पबेलचे बारा टप्पे’ म्हणून एक तक्ता छापला आहे. तक्ता बरोबर आहे, नाव चुकले आहे. जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली वीरकथेचा जो आराखडा मांडला, त्यात प्रस्थान, दीक्षा आणि परतणे असे तीन भाग व एकूण सतरा टप्पे होते. ते अभ्यासक होते, पटकथेसाठी त्यांनी काही लिहिले नव्हते. बाराचा हिशेब ख्रिस्तोफर व्होगलर यांचा. डिस्ने कंपनीत कथा तपासण्याचे काम करताना, १९८०च्या दशकाच्या मध्यात, त्यांनी सहकाऱ्यांसाठी काही पानांचे टिपण केले. पुढे १९९२ मध्ये त्याचे पुस्तक झाले. हा फरक किरकोळ नाही. हा तक्ता आलेल्या कथा तपासणाऱ्या टेबलावर तयार झाला. लिहून झालेल्या मसुद्यात गोष्ट कुठे अडली हे त्यावरून छान कळते. पण कोऱ्या कागदावर आधी बारा चौकोन आखून ते भरत गेले, की अमरावतीची गोष्ट आणि अकोल्याची गोष्ट एकाच साच्यातल्या विटा होतात.

आपल्याकडच्या होतकरू मुलांच्या संहितांत हे ठरलेल्या तीन जागी दिसते. पहिली जागा उंबरठ्याची. विसाव्या-पंचविसाव्या पानावर नायक पुण्याच्या गाडीत बसतो आणि त्यानंतर गाव गोष्टीतून गळून पडते. उंबरठा म्हणजे प्रवास नव्हे. ज्या कृतीनंतर माणसाला जुन्या जागी जुन्याच नात्याने उभे राहता येत नाही, ती कृती म्हणजे उंबरठा. पाडव्याला दुसऱ्याच्या वावरात सालदार म्हणून राहायचे कबूल करणे, पोळ्याच्या तोंडावर बैलजोडी विकणे, भावाविरुद्ध धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, मोजणीचा अर्ज देणे. यांत कोणी गाव सोडत नाही, तरी परतीचा रस्ता बंद होतो.

दुसरी जागा गुरूची. तिथे निवृत्त गुरुजी किंवा कीर्तनकार येतात आणि दीड पान बोलतात.

तिसरी सगळ्यांत नाजूक. आठव्या टप्प्याला, म्हणजे मृत्यूशी गाठ पडते त्या जागी, शेतकऱ्याची आत्महत्या ठेवून दिली जाते. एकशेदहा पानांच्या पटकथेत ती ऐंशीव्या पानावर आली, तर उरलेली तीस पाने नुसता शोक उरतो, कारण ज्याला काही हवे होते तोच गेला. ही घटना घ्यायचीच असेल तर ती पहिल्या पंचवीस-तीस पानांत घ्यावी आणि गोष्ट त्याच्या बायकोच्या हातात द्यावी. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवायचे, फेरफार मंजूर करून घ्यायचा, सावकाराकडचा कागद सोडवायचा, पेरणीआधी बियाण्याची सोय लावायची. यातल्या प्रत्येक पायरीवर एक दार आहे आणि दारात कोणीतरी उभा आहे. वीरकथेला लागते ते सगळे इथे आहे, फक्त तलवार नाही.

साचा हवाच असेल तर तो आपल्याच मातीत पडलेला आहे. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर म्हणजेच विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर, असे परंपरा मानते. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाची दमयंती इथल्या भीम राजाची मुलगी, नळ राजा तिचा नवरा. कली नावाची दुष्ट शक्ती अंगात शिरल्याने तो भाऊ पुष्करासोबतच्या जुगारात राज्य हरतो आणि दोघे रानात येतात. हे आख्यान कथा म्हणून सगळ्यांना पाठ आहे. ते पटकथाकाराच्या नजरेने, सांधे कुठे कसे बसवले आहेत हे पाहत, वाचायला हवे.

गुरूचेच घ्या. वणव्यात अडकलेल्या कर्कोटक नागाला नळ उचलून नेतो. नाग म्हणतो, पावले मोजत चल. दहाव्या पावलाला तो नळालाच डसतो. त्या दंशाने नळ कुरूप होतो, म्हणजे त्याला लपायला वेश मिळतो, आणि तेच विष त्याच्या अंगात शिरलेल्या कलीला जाळत राहते. उपदेश दोन-चार वाक्यांचा, बाकी सगळे कृतीत. मदत आणि इजा एकाच क्रियेत आली की प्रसंग प्रेक्षकाच्या लक्षात राहतो.

दुसरा सांधा खुणांचा. लग्नाच्या वेळी देव नळाला वर देतात. अग्नी हवा तेव्हा प्रकटेल, पाणी हवे तिथे मिळेल, हातच्या अन्नाला चव येईल. त्या वेळी हे आहेराइतके सहज वाटते. मग तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा बाहुक नावाचा सारथी होऊन कुंडिनपुरात येतो आणि दमयंती केशिनी दासीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते. त्याने नुसते पाहिले की रिकामी भांडी भरतात, हातातले गवत पेट घेते. त्याने शिजवलेले मांस मागवून ती चव घेते. शेवटी मुलांना त्याच्यासमोर पाठवते. चढत्या क्रमाच्या या परीक्षा म्हणजे चार-पाच दृश्यांचा तयार गठ्ठा आहे. यातून घ्यायचे ते असे, की ओळखीची खूण गळ्यातल्या लॉकेटची किंवा दंडावरच्या डागाची नसावी, हातच्या कसबाची असावी. डवरा, म्हणजे कोळपे, धरण्याची ढब, कडब्याची गंजी रचण्याची पद्धत, बैलाला घातलेली हाक. पहिल्या तीस पानांत ती दोनदा दिसावी, दोन्ही वेळा दुसऱ्याच कामाच्या ओघात. एकदाच दाखवली तर विसरली जाते, तीनदा दाखवली तर प्रेक्षक शेवट ओळखून बसतो.

तिसरी गोष्ट तक्त्यात बसतच नाही. तक्ता एका वीराचा आहे. इथे नळ अर्धे वस्त्र कापून निघून गेल्यावर कथा दोन वाटांनी चालते आणि पुढची चाल दमयंती ठरवते. ती ब्राह्मणांकरवी देशोदेशी प्रश्न पाठवते, उत्तर आल्यावर वडिलांना कळू न देता दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी अयोध्येला धाडते, तीही ‘उद्याच’ म्हणून. शंभर योजने एका दिवसात रथ हाकणारा नळच, हे तिला माहीत आहे. ऋतुपर्ण राजा धापा टाकत पोहोचतो तर इथे मांडव नाही, पाहुणे नाहीत, आणि भीमाला तो कशासाठी आला हेच ठाऊक नाही. उत्तम विनोदी दृश्य आहे हे. असे दोन धागे लिहिताना दर दृश्याला उडी मारू नये, तीन-चार दृश्ये एका वाटेवर राहावे. आणि बाहुक हाच नळ हे प्रेक्षकापासून लपवू नये. धक्क्यासाठी ते लपवले की मधली चाळीस पाने कोरडी जातात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले नाटक रात्रभर माणसे बसवून ठेवते ते याच बळावर. वेशांतर केलेला कोण हे मांडवातल्या सगळ्यांना माहीत असते, माहीत नसते ते फक्त रंगमंचावरच्या नायिकेला.

आणि बेहडा. त्याच धावत्या प्रवासात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखवतो. नळ रथ थांबवून खरेच मोजून पाहतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, घेतो. त्या क्षणी कली अंगातून बाहेर पडून बेहड्यात शिरतो. नळाच्या आत बदल झाला तो इथे, दमयंती भेटण्याआधी आणि राज्य परत मिळण्याआधी. एकशेदहा पानांत हे दृश्य ऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यान यावे. बहुतेक संहितांत हा बदल शेवटच्या भाषणात सांगितला जातो, म्हणून तो खोटा वाटतो. इथे तो एका व्यवहारात घडतो, रस्त्याच्या कडेला, घाई असताना.

काम करताना पन्नास-साठ कार्डे घ्यावीत. एका कार्डावर एक दृश्य, वर ‘कोणाला काय हवे’, खाली ‘काय बदलले’. खालची ओळ कोरी राहिली ते कार्ड बाजूला काढावे. बारा टप्प्यांचा तक्ता त्यानंतर शेजारी ठेवावा, आधी नाही. एखादा टप्पा सापडला नाही म्हणून दृश्य घुसडू नये. तो न सापडताही गोष्ट पुढे सरकत असेल तर तो नकोच होता. तक्त्यातला ‘हाकेला नकार’, म्हणजे नायक आधी निघायला तयार नसतो तो टप्पा, नलोपाख्यानात जवळजवळ नाहीच. पुष्करासोबतचा शेवटचा डावही एका फेकीत संपतो. जिंकल्यावर नळ त्याला क्षमा करून त्याच्या घरी पाठवतो, आणि हे सगळे तीन-चार पानांत उरकते.

आपला,
एक पटकथालेखक
आर्वी, जि. वर्धा