लायसन्स देताना डावी बाजूही तपासा

संपादक महोदय,

काही वर्षांपूर्वी आंबे काढताना माझे यजमान कलमावरून पडले आणि मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला. जीव वाचला, पण डावा हात-पाय अधू राहिला. त्यांना पुन्हा गाडी चालवता यावी म्हणून जी खटपट केली, त्याबद्दल हे पत्र.

गाडीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. क्लच आणि गिअर दोन्ही डावीकडचे, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. एका हाताने वळवायला स्टिअरिंगवर नॉब बसवला. वायपरचा दांडाही डावीकडेच, आणि कोकणात चार महिने वायपरशिवाय गाडी हलत नाही! तो उजव्या हाताशी आणून घेतला. असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओकडे नोंदवावे लागतात, विमा कंपनीलाही कळवावे लागते. गॅरेजवाले हे आपणहून सांगत नाहीत.

खरी अडचण वेगळीच निघाली. जेवताना ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहायची आणि वर विचारायचे, "आज चटणी नाही केलीस?" डोळे ठणठणीत. डावीकडे काही आहे याची दखलच मेंदू घेत नव्हता. लायसन्सच्या स्वयंघोषणापत्रात फिट येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असे विचारतात. यांनी दोन्हीची बिनचूक उत्तरे दिली असती. आपण गाडी चालवतो रस्त्याच्या डाव्या बाजूने. साइडपट्टी, शाळेतून परतणारी पोरे, जांभ्याचा गडगा, सगळे नेमके त्याच हरवलेल्या बाजूला.

त्यावर गाडीत बसवायचे कुठलेच यंत्र पुरे पडत नाही. रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने वहीच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून, मान मुद्दाम तिकडे वळवून बघायची सवय लावली. त्यासाठी मुंबईच्या खेपा झाल्या. आता यजमान दिवसा बाजारापर्यंत चालवतात. घाट आणि रात्र माझ्याकडे. 'हातपाय चालतायत ना, मग द्या चावी' म्हणणारे शेजारी आणि 'आता गाडी विसरा' म्हणणारे नातेवाईक, दोघांनीही काही तपासलेले नसते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. डोक्याला मार लागलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या चालकांची चाचणी थेरपिस्ट आणि आरटीओचे निरीक्षक यांनी मिळून घ्यावी, महिन्यातून एक दिवस तरी. आणि ती मैदानातल्या आठच्या आकड्यावर नको, रहदारीच्या रस्त्यावर हवी. जमल्यास भर पावसात.

– एक वाचक, गुहागर