शनिवारी फोनवर खोटं बोलले

परळ, मुंबई
8 जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आंब्याची पेटी मिळाली. खालच्या थरातले चार डागाळले होते, ते कापून आधी संपवले. बाकीचे कॉटखाली पेपरवर मांडून ठेवलेत. रात्री खोलीभर वास सुटतो आणि मला पडवीतच झोपल्यासारखं वाटतं.

शनिवारी बाबांनी फोनवर विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक ना? साहेब बरे आहेत ना?" मी "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर घास उतरेना. ते "हो" खोटं होतं. मी 31 मार्चला नोकरी सोडली. मे महिन्यात सुट्टी मिळत नाही म्हणाले, तेही खोटं. मे महिनाभर मी दुकानाच्या भिंती रंगवत होते.

बाबा, आधी घोटभर पाणी प्या. आई, तू त्यांच्याजवळ बस आणि पुढचं मोठ्यानं वाच. मला कुणी काढलेलं नाही. कुणाशी भांडणही झालेलं नाही. मी आणि कॉलेजातली माझी मैत्रीण (तीच, घावनं खायला यायची ती) अशा दोघींनी मिळून कॉफीचं दुकान काढलंय. दादाच्या लग्नाच्या पत्रिका जिथे छापल्या होत्या ना, त्याच गाळ्यात. छापखान्याचे मालक थकले आणि मुलाला धंदा नको होता. मशीन गेलं, पण खालच्या शहाबादी फरशीत शाई मुरलेली आहे. ती आम्ही घासून काढली नाही.

पैशांचं आधी सांगते, नाहीतर बाबांचं पुढे लक्ष लागायचं नाही. खोली विकलेली नाही, गहाणही टाकलेली नाही, कागद दादाच्याच कपाटात आहेत. आईच्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत. पीएफला हात लावलेला नाही. अकरा वर्षांची साठवण आणि ग्रॅच्युइटी यातून माझा वाटा घातला. गल्ल्यात एक रुपया आला नाही तरी सहा महिने भाडं भरता येईल एवढी रक्कम वेगळी ठेवली आहे. भाडेकरार पाच वर्षांचा, रजिस्टर केलेला. दुकानाचा गुमास्ता परवाना आहे, खाद्यपदार्थांचं लायसन्स आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या खात्यात येतात ते येतच राहतील, एप्रिल, मे आणि जूनचे आले तसेच.

बाबा, "नोकरी धर, बाकी सगळं नंतर" हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत आणि का सांगितलंत, ते मला माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण मी वाढले त्या संपातच. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आपल्या घरातही तो मिटला नाही. तुम्ही गिरणीचा पास अजून पाकिटात ठेवता. म्हणून तर तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही चाळीतल्या प्रत्येक दारात पेढे घेऊन गेला होतात. तीच नोकरी मी सोडली हे तुम्हाला फोनवर कसं सांगायचं?

पण आई, हा धंदा मी तुझ्याकडूनच घेतलाय. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तुझ्या खानावळीच्या दोन पंगती बसायच्या. खानावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाची बाई तुला पहिल्यांदा बँकेत घेऊन गेली, तेव्हा साहेबासमोरच्या खुर्चीवर बसायचं की नाही तेच तुला कळेना. हे तू सांगायला लागलीस की मी तुझ्या कुशीत शिरून पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणायचे. संपात जेवायला येणाऱ्या मेंबरांचे पगार थांबले, तरी तू वहीवर उधारी मांडून जेवू घातलंस. ती निळी वही माझ्याकडे आहे. त्यातली किती नावं खोडायची राहिली आहेत ते मी मोजलंय. तू कधी मागायला गेली नाहीस, हेही मला ठाऊक आहे.

आणि आठवतं का, पहिली पंगत उठली की जागा पुसून मी तिथे ड्रॉइंगचा कागद पसरायचे? दुसरी पंगत आली की ओलं चित्र दोन्ही हातांवर तोलत गॅलरीत जायचे. एकदा वरून कुणाच्या तरी धोतराचं पाणी पडलं, आणि त्या रात्री तू मला मांडीवर घेऊन जेवू घातलंस, मी सातवीत असूनही.

ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली तेव्हा बाबा मला मेट्रो सिनेमासमोरच्या कयानीत घेऊन गेले. 1904 सालचं हॉटेल. ब्रून-मस्का चहात बुडवून कसा खायचा ते तुम्ही दाखवलंत आणि म्हणालात, "इराण्याकडे एका चहावर कितीही वेळ बस, कुणी उठवत नाही." संगमरवरी टेबलावर मी कोपरं टेकून बसले होते. आपल्या घरात टेबल नव्हतं, बाबा. त्या दिवशी मला तो गारवा फार आवडला.

मुंबईत डोक्यात काम असणाऱ्यांना नेहमी असं एखादं टेबल लागत आलंय. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसायचे. समोरच्या रस्त्यावरची माणसं त्यांच्या कवितेत आली. ते हॉटेल गेलं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार 1964 मध्ये सुरू झालं होतं. मी कॉलेजात असताना आम्ही चौघी एका प्लेटवर तिथे दुपार काढायचो. 2015 मध्ये तेही बंद झालं. कोपऱ्याकोपऱ्यावरचे इराणी तर तुमच्या डोळ्यांदेखत गेले. माणसं मात्र वाढली आहेत. आता ही मुलं एका ऑफिसात नसतात, सुटी कामं घेतात, आणि घरी पाच जणांत एक खोली.

नालासोपाऱ्याहून एक मुलगा येतो, एकांकिका लिहितो. घरी रात्री दिवा लावला की आजोबांची झोप मोडते. दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला असतो. सबटायटल करणारी एक आहे, अ‍ॅनिमेशन करणारे दोघं आहेत. सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवायचे असे एक काकाही येतात. त्यांनी आमच्या पाटीतला "फ" बघितला, काही न बोलता दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन आले आणि नीट करून गेले. त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही. बाबा, यावर तुम्ही बोलणार, पण आईला विचारा.

भाव ऐकून तुम्ही दचकाल. कापुचिनो 180 रुपये. हिशेब सांगते. एका कपाला 18 ग्रॅम दाणे लागतात. किलोत पन्नासेक कप होतात, म्हणजे कपामागे चोवीस-पंचवीस रुपयांचे दाणे. दूध वेगळं. खरा पैसा भाडं, वीज आणि दोन मुलांचे पगार खातो. मशीन आम्ही सेकंडहँड घेतलं. म्हणूनच साठ रुपयांची फिल्टर कॉफी ठेवली आहे. ती घेऊन कुणी चार तास बसलं तरी उठवायचं नाही, हे आम्ही दोघींनी पहिल्या दिवशीच ठरवलं. फक्त शनिवार-रविवारी मोठ्या टेबलावर लॅपटॉप नको. त्या दोन दिवसांच्या गर्दीवर आठवडा निघतो. भिंतीवर या मुलांची चित्रं लावतो. विकली तर सगळे पैसे त्यांचे.

आणि हे गोऱ्यांचं खूळ नाही बरं, बाबा. बाबाबुडन नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया घेऊन आले आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा तिकडे सांगतात. त्या डोंगरांना त्यांचंच नाव आहे. जानेवारीत मी "ऑफिसच्या टूरवर" गेले होते ना, ती चिकमंगळूरला. (हे तिसरं खोटं. आता एकही उरलेलं नाही.) तिथे बायका लाल झालेली फळं तेवढी वेचून खुडत होत्या. अंगणात वाळत घातलेली फळं दिवसातून कितीतरी वेळा हातानं हलवायची, नाहीतर बुरशी येते. आई, अगदी आपली कोकमाची सोलं. मीही वाकून हलवायला लागले तेव्हा तिथली आजी हसली आणि तिनं मला पाट दिला.

माझी काळजी करू नका. दुकान रात्री नऊला बंद होतं, साडेनऊला मी खोलीवर. चालत दहा मिनिटं. दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी डाळ-भात, भाजी आणि एक पोळी पाठवतात, मी त्यांना पैसे देते. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, आता चांगले बूट घेतलेत, उंच स्टूलही आहे. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मी दुपारी झोपते. ऑफिसात होते तेव्हा रात्री अकरापर्यंत स्क्रीनसमोर बसून पित्त व्हायचं. गेल्या दोन महिन्यांत एकदाही झालेलं नाही.

आता तुमचं. बाबा, पाऊस लागलाय, विहिरीकडच्या पायऱ्यांवर शेवाळ धरेल. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, तुम्ही स्वतः नाही, गड्याकडून. फणसाला शिडी लावायची नाही. बीपीची गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर, आठवेल तेव्हा नाही. आई, डाव्या डोळ्याचं आता पुढे ढकलू नकोस. दादा पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि तारीख घेऊनच ये. ऑपरेशनच्या वेळी मी चार दिवस येणार, मैत्रीण दुकान बघेल, आमचं बोलणं झालंय. आणि चहात साखर घालून "चिमूटभरच" म्हणायचं नाही. तुझी चिमूट मला माहीत आहे.

गणपतीला येणार. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं, मी मोबाइल घेऊन बसणार आहे. या वर्षी पाच दिवस जमणार नाहीत, तीनच. गौरी आणायला मात्र असेन, ओवशाचं सूप मीच भरणार. कमी दिवस येते म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी पाचही.

बाबा, रागावला असाल तर फोन करून रागवा. पण फोन करा. दिवाळीनंतर तुम्ही दोघं या. खिडकीजवळचं टेबल आहे, त्याला संगमरवर बसवून घेतलाय. जुन्या बाजारात मिळाला, एका कोपऱ्याला टवका आहे.

तुमची,
बाय

ता. क. दादाबरोबर पितळी फिल्टर आणि माटुंग्याहून दळून आणलेली पावडर पाठवते, चिकोरी कमी घालायला सांगितली आहे. वरच्या भांड्यात दोन चमचे भरून पावडर, चकती हलकेच दाबायची, वर उकळतं पाणी, झाकण ठेवून पंधरा मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. बाबांना दिवसाला एकच कप, तोही चारच्या आत, नाहीतर रात्री ओटीवर येरझाऱ्या घालत बसतील.