मंद्या, ओपनसीएल काढून टाकू का?

पुणे,
रविवार, रात्रीचा दीड

प्रिय मंद्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मिस्ड कॉल, राखीच्या वाढदिवसाचे फोटो, सगळं तसंच राहिलं. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. शुक्रवारी मी आमच्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधून ओपनसीएलचं, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या ग्राफिक्स कार्डावर गणित चालवायच्या खुल्या स्टँडर्डचं, फोल्डर उडवणारी ब्रांच (कोडची वेगळी प्रत) तयार केली. मी केली, माझ्या हातांनी. उद्या अकराला मीटिंग आहे, मी हो म्हटलं की मर्ज, मुख्य कोडमधून ते गेलंच. स्मिताला सांगितलं तर म्हणाली, "जुना पसाराच काढताय ना? मग चेहरा का असा?" तिला काय सांगू?

तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे. आईचा गुडघा आहे तसाच.

तुला रूम नंबर सतराचं टेबल आठवतंय? एका टोकाला तुझं एनव्हिडियाचं जीटीएक्स ४६० कार्ड, दुसऱ्या टोकाला माझं एएमडीचं रेडिऑन ५७७०. तू एका संध्याकाळी कूडात, एनव्हिडियाच्या स्वतःच्या पद्धतीत, बॅकप्रोजेक्शन (एक्स-रेच्या चित्रांतून आतला आकार उभा करणं) चालवून दाखवलंस. ओपनसीएलमध्ये माझे अकरा दिवस गेले. प्लॅटफॉर्म शोधा, डिव्हाइस शोधा, कॉन्टेक्स्ट बांधा, क्यू बांधा, अख्खा कर्नल (कार्डावर पळणारा छोटा प्रोग्राम) स्ट्रिंगमध्ये कोंबून ऐन वेळी कंपाइल करा, मग एकेक आर्ग्युमेंट नंबराने लावा. तू तीन कंस उघडलेस, तीन मिटलेस आणि चहाला गेलास. आणि त्या रात्री मी बाबांना फोनवर म्हणालो, "कर्नल क्रॅश झालाय, आज झोप नाही." ते आईला हाक मारून म्हणाले, "अगं, ह्यांच्या कॉलेजात कुणी फौजी वारले वाटतं." तू पलंगावरून खाली पडेस्तोवर हसला होतास.

भांडण मात्र खरं होतं. तू म्हणालास, "स्टँडर्ड कुणी बघत नाही, निकाल बघतात." मी तुला कंपनीचा दलाल म्हणालो. दीड महिना एकाच मेसमध्ये आपण दोन टेबलांवर जेवलो. तो शब्द मी परत घेतो. घ्यायला फार वर्षं लागली.

पण मी कशावर विश्वास ठेवला होता तेही ऐक. डिसेंबर २००८ मध्ये ख्रोनोस ह्या कंपन्यांच्या संघाने ओपनसीएल १.० जाहीर केलं. प्रस्ताव ॲपलचा, आणि टेबलाभोवती एएमडी, इंटेल आणि खुद्द एनव्हिडियासुद्धा. कूडा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं. मला वाटलं, ह्याचं यूएसबीसारखं होणार. कुणाचंही कार्ड लावा, कोड तोच.

झालं काय? २.० आलं २०१३ साली, पण सगळ्यांच्या ड्रायव्हरवर चाललं पाहिजे म्हणून मी १.२ च्या पुढे पाऊलच टाकू शकलो नाही. २०१८ मध्ये ॲपलने आपल्याच लेकराला मॅकवर निवृत्त केलं. २०२० मध्ये ३.० आलं आणि १.२ च्या वरचं सगळं ऐच्छिक झालं. तिकडे कूडाबरोबर पहिल्याच वर्षी एफएफटी (लहरी वेगळ्या करायचं गणित) आणि मॅट्रिक्सच्या लायब्ररी आल्या, २०१४ मध्ये न्यूरल नेटवर्कची आली. इयन बकने स्टॅनफर्डला ब्रूक ही कार्डांवर गणित चालवायची भाषा लिहिली तेव्हा ती दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालायची. मग तोच माणूस एनव्हिडियात गेला आणि कूडा उभं राहिलं. तिथे राबायला पगारी माणसं होती. आमच्याकडे समिती होती. समितीने उत्तम मसुदा लिहिला, पण प्रोफायलर (कोड कुठे रेंगाळतो ते दाखवणारं साधन) कुणी लिहायचा, फिल्टरसाठी एफएफटी कुणी जपायची, हे कुणाच्याच वाट्याला आलं नाही. मला ह्याचं अजून वाईट वाटतं.

आमच्याकडची ऋतुजा म्हणते, आता फक्त कूडा ठेवा. तिचं म्हणणं चुकीचं नाही. ५१२ × ५१२ × ५१२ ठिपक्यांचा व्हॉल्यूम आणि ३६० प्रोजेक्शन (एक्स-रेची चित्रं) म्हटलं की ४८ अब्ज वेळा बेरीज करायची. माझा कर्नल एएमडीच्या ६४ च्या वेव्हफ्रंटवर (एकदम पाऊल टाकणाऱ्या कामांच्या गटावर) बेतलेला, नव्या एनव्हिडिया कार्डात तसाच गट, वॉर्प, ३२ चा. चालतो सगळीकडे, पळतो एकीकडेच. आता नॉइज काढायला न्यूरल नेटवर्क आणायचंय, ते कूडाशिवाय जमवणं म्हणजे सहा महिने घालवणं. दोन-दोन वाटा सांभाळायला आम्ही आहोत चार जण.

मग माझं अडतंय कुठे? शिरोलीच्या फाउंड्रीत. तिथलं स्कॅनर आम्ही २०१६ ला बसवलं, कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे आतल्या पोकळ्या, बघायला. गेल्या दिवाळीत त्यातलं कार्ड जळालं. ते मॉडेल बाजारात कुठेच नाही. तिथल्या इलेक्ट्रिशियनने कोल्हापुरातल्या दुकानातून मिळालं ते कार्ड आणलं, दुसऱ्याच कंपनीचं. लावलं, ड्रायव्हर टाकला आणि दुपारी स्कॅन चालू. मला फोन आला तो पंख्याचा आवाज मोठा का येतो एवढं विचारायला! मंद्या, एक ओळ बदलावी लागली नाही. मी फोन ठेवून गच्चीवर गेलो आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. अकरा दिवस मी ह्याचसाठी घालवले होते.

अशी मशीन पंधरा वर्षं चालते. कार्ड दुकानात दोन वर्षं टिकलं तर नशीब. तुझ्या ४६० ला कूडा ९ ने २०१७ मध्ये सोडलं. माझं ५७७० त्याच्याही आधी वाऱ्यावर गेलं होतं, ते कबूल. पण माझा कोड दुसऱ्या कुणाच्या कार्डावर तरी जाऊ शकत होता.

तू म्हणशील, मग एएमडीचं हिप घे. फ्रंटियर हा अमेरिकेतला महासंगणक २०२२ मध्ये एक्झाफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढ्या गणितांच्या) पुढे गेला तो एएमडीच्याच कार्डांवर, मान्य. पण हिप म्हणजे कूडाच्याच फंक्शनांची नावं बदलून घेणं. खुली वाटसुद्धा तुझ्याच पायवाटेवरून जाते, हे बघून तुला किती आनंद होईल! शिवाय एएमडीची अधिकृत कार्डांची यादी आखूड. कोल्हापूरच्या दुकानात मिळेल ते कार्ड त्यात असेलच असं नाही. ख्रोनोसचंच दुसरं स्टँडर्ड सिकल मला आवडतं, एकाच फाइलमध्ये साधं सी प्लस प्लस. तू कंपायलरवाला आहेस, तू सांग. त्यावर दहा वर्षांची मशीन सोपवशील का?

काल मी एक केलं. २०११ चा माझा कर्नल, जसाच्या तसा, पोकल (ओपनसीएल साध्या सीपीयूवरही चालवणारं खुलं सॉफ्टवेअर) टाकून ऑफिसच्या लॅपटॉपवर चालवला. कार्डच नाही, नुसता सीपीयू. जेवून आलो तरी चालूच होता. मग शेप-लोगनचं, ह्या कामाच्या चाचणीचं ते ठरलेलं अंडाकृती डोकं पडद्यावर आलं, आतल्या तिन्ही बारक्या ठिपक्यांसकट.

उद्या मी म्हणणार आहे की मुख्य वाट कूडाची होऊ दे, पण बॅकप्रोजेक्शनची ती एक फाइल आणि तिची टेस्ट ठेवा. ती सांभाळायला मी शनिवार देईन. ऐकतील असं वाटत नाही.

तुझं नवं घर लागलं का? वहिनींच्या जर्मनच्या परीक्षेचं काय झालं? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं काकूंकडून कळलं, ह्या आठवड्यात जाऊन येतो. राखीला माझ्याकडून उशिराच्या शुभेच्छा.

आणि तुझी ती कूडाची फाइल अजून असेल तर पाठव. दोन्ही एकदा शेजारी ठेवून चालवायच्यात. जमलं तर अकराच्या आधी फोन कर. तुझ्याकडे तेव्हा साडेसात वाजत असतील, उठव स्वतःला.

तुझा,
सुध्या