त्स्वीझेलच्या भट्टीवरून

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल रेल्वेने त्स्वीझेलला जाऊन आले. जर्मनीतल्या बायर्नच्या (बव्हेरियाच्या) जंगलात, चेक सीमेजवळ आहे हे गाव. मोठी रेगेन आणि धाकटी रेगेन या नद्या इथे भेटतात आणि पुढे काळी रेगेन होऊन वाहतात. पुलावर उभी राहिले आणि आपला कराडचा प्रीतिसंगमच आठवला.

पण मी गेले होते काचेसाठी. कारखान्यापाशी ९३,६६५ ग्लासांचा आठ मीटर उंच पिरॅमिड रचलाय. लोक त्याचेच फोटो काढतात. माझा पाय मात्र भट्टीसमोरून हलेना. बाबा, आजोबा ओगलेवाडीच्या काच कारखान्यात काय करत असतील, ते काल पहिल्यांदा कळलं.

आई, कारागिराच्या हातात लोखंडी फुंकणीच असते, तुझ्या चुलीपाशी होती तशी, फक्त छातीला लागेल एवढी लांब. गुऱ्हाळात काठीवर काकवी घ्यावी तसा तो भट्टीतून काचेचा लालभडक गोळा उचलतो. हात सतत फिरता, नाहीतर गोळा ओघळलाच. मग पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात घालून फुंकर मारतो आणि भसकन वाफ उठते. झालेलं भांडं लगेच बाहेर ठेवत नाहीत, वेगळ्या भट्टीत सावकाश निवू देतात. एकदम गार झालं तर तडकतं. आजोबा गरम चहाचा ग्लास ओल्या कट्ट्यावर ठेवू द्यायचे नाहीत, आठवतं?

इथे मध्ययुगापासून काच होते, कारण डोंगरात गारगोटी आणि भोवती अफाट जंगल. लाकूड भट्टीला लागायचंच, पण राखेसाठी त्याहून जास्त जाळायचे. राखेतल्या क्षारामुळे गारगोटी लवकर वितळते. तू कंदिलाची काच राखेनेच घासायचीस ना! त्याच राखेची काच होते, हे ऐकून मला तुझे हात दिसले.

इथे १९०४ पासून काचकामाची शाळा आहे, पोरं अजून शिकतात. आजोबांचं कसब आपल्यापैकी कुणी नीट विचारूनसुद्धा घेतलं नाही, याचं काल फार वाईट वाटलं.

बाबा, माळ्यावरचा ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील भंगारवाल्याला देऊ नका. तुम्ही शिडीवर चढू नका, गुडघा सांभाळा. शेजारच्या दादाकडून उतरवून घ्या आणि काच जुन्या धोतरात गुंडाळून ठेवा. रविवारी फोन करते. आजोबा फुंकायला होते की साच्यावर, तेवढं आठवून ठेवा.

तुमची,
धाकटी