डिझेलचा रंग आम्ही बघायचा, मग तुम्ही काय बघता?

प्रति,
मा. पेट्रोलियम मंत्री, भारत सरकार

स.न.वि.वि.

आपण कामात असाल याची कल्पना आहे, म्हणून थेट विषयावर येतो. माझ्या नावावर एक दहा चाकी ट्रक आहे. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतला. हप्ता चालू आहे, गाडी बंद आहे. इंजिनात डिझेल फवारणारे सगळे इंजेक्टर आणि त्यांना दाब देणारा हाय प्रेशर पंप गेला. वॉरंटी शिल्लक होती, पण वर्कशॉपने कागदावर लिहून दिलं : ‘इंधनात भेसळ, वॉरंटी लागू नाही.’ खर्च लाखाच्या वर.

टाकीतलं डिझेल बाटलीत भरून पंपावर गेलो. मॅनेजरने बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, “शेठ, रंग बघा की. फिक्कट पिवळं, नितळ. ह्यात काय खोट आहे?” तिथून पुरवठा खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी बाटलीचं बूचही काढलं नाही. “निळसर दिसतंय का? नाही ना? मग रॉकेल नाही.” विषय संपला.

मंत्रीमहोदय, भेसळ ओळखायची ही आपल्या देशातली पद्धत. निळं दिसलं तर चोरी, पिवळं दिसलं तर ट्रकवाला खोटारडा.

आता हा निळा रंग कुठून आला ते आपल्याला मी सांगायला नको, पण सांगतो. रेशनच्या रॉकेलवर अनुदान होतं, ते डिझेलमध्ये जाऊ नये म्हणून सरकारने त्याला निळं केलं. चोरांनी रंग उडवायची सोय शोधली. मग २००६ मध्ये सरकारने रॉकेलमध्ये डोळ्यांना न दिसणारा मार्कर टाकायला सुरुवात केली, म्हणजे रंग उडवला तरी तपासणीत पकडता येईल. दोन-तीन वर्षांत तोही गुंडाळला. आज रेशनचं रॉकेल जवळपास संपलंय, अनुदानही गेलं, त्यामुळे निळ्या रॉकेलची भेसळ करायला कोणी मूर्ख बसलेला नाही. आता बेस ऑइल (वंगणाचा कच्चा माल) येतं, कारखान्यातलं सॉल्व्हंट येतं, ‘बायोडिझेल’ची पाटी लावून काय वाट्टेल ते येतं. यातला कुठलाच माल निळा नसतो. चोराने माल बदलून किती वर्षं झाली, साहेब अजून निळाच शोधतायत!

आणि चोर कोण असतात हे महाराष्ट्राला शिकवू नका. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी भरदिवसा जिवंत जाळलं. अपर जिल्हाधिकारी! त्यानंतर राज्यभर धाडी पडल्या, पेपरात फोटो आले. पुढे काय? जिथे एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचा जीव गेला, तिथे मी पंपावर एकटा उभा राहून ‘डेन्सिटी दाखवा’ म्हणायचं, अशी आपली अपेक्षा आहे.

हो, डेन्सिटी म्हणजे घनता मोजायचा हक्क आहे मला, भेसळीने ती बदलते, माहीत आहे. हायड्रोमीटर मागा, थर्मामीटर मागा, तक्ता काढून १५ अंशांवरची घनता बघा, कंपनीच्या चलनावरच्या आकड्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको. वाचायला छान आहे. रात्री दोन वाजता मागे आठ गाड्या हॉर्न मारतायत, क्लीनर पेंगलाय, पंपावरचा पोरगा म्हणतो किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर घरी. मागून बघा एकदा. गाडीवर लाल दिवा नाही हे लक्षात ठेवून मागा. शिवाय मिसळणारा काही अडाणी नसतो, हलकं-जड बेतून घनता बसवूनच तो टँकर पाठवतो.

बाहेरचे देश काय करतात ते सांगतो. अमेरिकेत शेतीचं, बिनकराचं डिझेल लाल असतं. रस्त्यावरच्या ट्रकच्या टाकीत लाल सापडलं की गॅलनला १० डॉलर किंवा १००० डॉलर, जे जास्त असेल तो दंड. ब्रिटनमध्येही लाल, आयर्लंडमध्ये हिरवं. रंग उडवणारे तिकडेही निघाले, म्हणून २०१५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडने मिळून नवा मार्कर आणला. चोर पुढे गेला तर सरकारही एक पाऊल पुढे गेलं. आपल्याकडे सरकारने पाऊल मागे घेतलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

बीएस-६ आणताना मात्र घाई होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर एकदम. गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर, डिझेल लंडनच्या तोडीचं, असा गाजावाजा. त्या डिझेलसाठी बनवलेली नाजूक इंजिनं आमच्या गळ्यात मारली. धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण घाला, फिल्टर जपा, सेन्सर जपा. जुनी गाडी काहीही पचवायची, धूर सोडायची आणि चालायची. ही एक टाकी खराब भरली की लाखाचा खड्डा. आमच्या अड्ड्यावर विचारा, दहातले चार जण तरी असा खड्डा भरून बसलेत. ही काही सरकारी आकडेवारी नाही. सरकारने कधी मोजलंय का, ते आपणच सांगा.

आणि भेसळीने धूर काळा आला की दंड कोणाला? मलाच. पीयूसीत बसलं नाही तर १०,००० पर्यंत. डिझेलचा रंग मी ओळखायचा, धुराचा रंग आरटीओ ओळखणार, पंपवाल्याचा रंग ओळखायला कोणी रिकामं नाही. माझ्या गाडीचा एक टेललाइट गेला तर कॅमेऱ्याला दिसतो, ई-चलान घरी येतं. टँकर डेपोतून निघून वाटेत कुठल्या ढाब्यामागे तासभर उभा असतो, ते कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

मे २०२० मध्ये एका रात्रीत लिटरमागे १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवलंत. कच्चं तेल मातीमोल झालं होतं, आमच्या गाड्या लॉकडाउनमध्ये उभ्या होत्या. नंतर थोडं थोडं उतरवलंत, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपये चढवलेत. वर राज्याचा व्हॅट. एवढा कर घेतल्यावर टाकीत कर भरलेलंच डिझेल पडतंय की नाही, एवढं बघणं तरी आपल्याकडे लागतं. दुधाच्या भेसळीवर भाषणं होतात. डिझेल कोणी पीत नाही म्हणून चालतं का?

मागणी मोठी नाही. मार्कर परत आणा, आणि या वेळी तो सॉल्व्हंट-बेस ऑइलमध्ये टाका. टाकीतला नमुना ट्रकवाल्याने दिला तर तो सीलबंद करून घेणारं, पावती देणारं एक टेबल प्रत्येक जिल्ह्यात ठेवा. आणि प्रयोगशाळेचा अहवाल तक्रारदाराच्या हातात पडू द्या.

दुरुस्तीच्या बिलाची प्रत सोबत जोडली आहे. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरच्या कराचं क्रेडिट मला मिळत नाही. डिझेलने मारलेल्या इंजेक्टरवर मात्र जीएसटी आहे, १८ टक्के. तो भरला आहे.

आपला,
एका गाडीचा मालक