सायकलीचा दाखला देऊन पगार कापू नका: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगार व रोजगार मंत्री, गोवा सरकार, यांस
सप्रेम नमस्कार.

मी जुने गोव्याहून पणजीला सायकलने कामाला जातो. रायबंदरचा कॉजवे सपाट आहे. गाड्यांची रांग लागली तरी सायकल कडेने निघते, त्यामुळे मी बहुधा वेळेवर पोचतो. हे पत्र लिहितोय ते माझ्या सहकाऱ्यांसाठी.

खाजगी बसवाल्यांचा संप झाला, फेरीबोट बंद पडली किंवा पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाने वाहतूक तुंबली, की आमचे साहेब सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवतात. ''तो सायकलने येतो, तुम्हांला काय झालं?'' मला त्या वेळी मान वर करवत नाही. चोडण बेटावरून येणारी आमची सहकारी काय करणार? मांडवीला ओढ असली की रायबंदरची फेरी थांबते, आणि दुसरा रस्ता मयेवरून, केवढ्या तरी वळशाचा. साठीला टेकलेल्या माणसाने डिचोलीहून सायकल मारत यायचं का? 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा नदीपलीकडचे बार्देशकर फेरीच्या रांगेत ताटकळले होते. नद्यांनी कापलेल्या या मुलखात वाट अडते, हे मालकांना ठाऊक नाही असं नाही.

तरीही वीस मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. पावसात तर माझीही तीच गत. रेनकोट काढून मशीनवर अंगठा ठेवावा, तर ओला अंगठा उमटत नाही. तो शर्टाला पुसून पुन्हा लावेपर्यंत सवलतीची वेळ संपते आणि नावापुढे लेट मार्क लागतो.

मंत्रिमहोदय, ही कपात कायद्यात बसत नाही. माणूस जेवढा वेळ कामावर नव्हता, त्या प्रमाणातच पगार कापता येतो. 1936 च्या वेतन कायद्याच्या कलम 9 मध्ये हे होतं, 2019 च्या वेतन संहितेच्या कलम 20 मध्येही आहे. म्हणजे वीस मिनिटांना वीस मिनिटांचेच पैसे. पण हे सांगायला साहेबांसमोर उभं कोण राहणार? नोकरी प्रत्येकाला हवी आहे.

म्हणून कामगार आयुक्तांकडून सगळ्या खाजगी आस्थापनांना परिपत्रक जाऊ द्या. फेरी कधी बंद होती हे नदी परिवहन खात्याला माहीत असतं, कदंबची कुठली बस सुटली नाही हे महामंडळाला. त्यांची नोंद कामगाराच्या बाजूने पुरावा म्हणून धरावी. संध्याकाळी थांबून वेळ भरून काढायची मुभा असावी, सक्ती मात्र नको, कारण रात्री आठनंतर गावाकडे जायला बस मिळणं मुश्कील.

लोकांनी सायकल वापरावी असं मलाही मनापासून वाटतं. त्यासाठी ऑफिसांनी सायकलींवर छप्पर घालावं, कपडे बदलायला खोली द्यावी. परिपत्रक मात्र पावसाळ्याआधी निघायला हवं.

आपला विश्वासू,
जुने गोवे येथील एक कर्मचारी