नवी बॅटरी इतक्यात घेऊ नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहून पाठवते. हे पत्र बॉनेट उघडून, गाडीपाशी उभं राहून वाच.

तुझ्या जुन्या एसयूव्हीत चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला, थोड्या वेळाने हेडलाइट पिवळट झाले, काचा वर जायला कुरकुरू लागल्या, मग ब्रेकच्या एबीएसचाही दिवा आला. सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता टकटक करतोय. बघणाऱ्याने सांगितलं की बॅटरी संपली, नवी टाका. बॅटरी उतरली आहे हे खरं, पण ती का उतरली याचं उत्तर त्यात नाही. आज नवी बॅटरी टाकलीस तर गाडी लगेच चालू होईल आणि दुखणं गेलं असंच वाटेल. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, वीज देत नसेल तर तीही उद्या अशीच उतरलेली असेल.

त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो दिवा चार्जिंगचा आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज बनवत नसला की तो लागतो. जुन्या गाड्यांत त्याचं आणखी एक काम असतं. त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंटच अल्टरनेटरच्या रोटरमध्ये (आतल्या फिरत्या भागात) सुरुवातीचं चुंबकत्व तयार करतो. म्हणून किल्ली ऑन करून इंजिन चालू न करता बघ, दिवा लागलाच पाहिजे. तेव्हा लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटली आहे, आणि मग चांगला अल्टरनेटरसुद्धा गप्प बसू शकतो. तुझा दिवा लागतोय, म्हणजे ही शंका मिटली.

आता मल्टिमीटर आण. साधा चालेल, पण आण. अंदाजाने पार्ट बदलत जाणं मला अजिबात पटत नाही, विशेषतः जुन्या गाडीत, जिथे एका लक्षणामागे चार कारणं दडलेली असतात. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव आणि गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर लाव. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. तुझी रिकामीच निघेल. ती काढून चार्जरवर लाव. ६० अँपिअर-अवरची असेल तर ६ अँपिअरच्या आसपास, रात्रभर. भरल्यावर तिला काही तास नुसती राहू दे आणि पुन्हा मोज. व्होल्टेज टिकलं तर बॅटरीत अजून जीव आहे. टिकलं नाही तर बॅटरीही गेली असं धर, पण अल्टरनेटर तपासायचं काम तरीही उरतंच.

भरलेली बॅटरी बसवून इंजिन चालू कर आणि त्याच टर्मिनलवर पुन्हा मोज. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं लाव आणि इंजिन थोडं रेझ कर. तरीही १३.५ च्या खाली जाऊ नये. तुझ्या गाडीत मला वाटतं १२.३ वगैरे दिसेल आणि मिनिटागणिक उतरत जाईल. म्हणजे गाडी फक्त बॅटरीवर चालली आहे. उलट १५ च्या वर दिसलं तर व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय. मग बॅटरी तापते, आत उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब पटापट उडतात. तसं दिसलं तर इंजिन लगेच बंद कर. (अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर हे व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो, त्यामुळे तिथे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तुझ्या गाडीत होतात.)

एक गोष्ट तुला कुणीतरी करून दाखवेल: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला. करू देऊ नकोस. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरची वीज क्षणभर कित्येक पटीने उसळते आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), रेडिओ, एबीएसचं युनिट, जे सापडेल ते जाळते. खूप जुन्या, कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या गाड्यांच्या काळातली ही युक्ती आहे. तेव्हाही ती रेग्युलेटर आणि अल्टरनेटरमधल्या डायोडला (वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागांना) घातकच होती.

व्होल्टेज कमी आलं म्हणून अल्टरनेटर लगेच काढायला सांगू नकोस. आधी बेल्ट बघ. तडे गेलेत का, कडा चकाकल्यात का, तेल लागलंय का? इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाब. साध्या व्ही बेल्टमध्ये साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, त्याहून बराच सैल असेल तर पुलीवर घसरतोय. सेल्फ मारल्या मारल्या किंवा हेडलाइट लावताच चिरका आवाज येत असेल तर तोच. मग बॅटरीचे टर्मिनल. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर काढून घासून साफ कर. त्यानंतर अल्टरनेटरकडून येणाऱ्या जाड वायरचा मोठा फ्यूज बघ. तो उडाला असेल तर अल्टरनेटर वीज बनवेल, पण ती बॅटरीपर्यंत पोचणारच नाही.

आणि अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट. जुन्या एसयूव्हीत मला सगळ्यात जास्त संशय याचाच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी असते. चिखलपाण्याने ती आतून कुजते आणि वरून धडधाकट दिसते. इंजिन चालू, दिवे-ब्लोअर चालू, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच अल्टरनेटरच्या बी प्लसचा (जिथे ती जाड वायर जोडलेली असते तिथला) नट ते बॅटरीचा प्लस मोज. ०.३ च्या आत असावं. फिरत्या बेल्टजवळ ओढणी, मोकळे केस, सैल बाही नको. पिना लावताना बी प्लस आणि बाकीचं लोखंड एकाच वेळी एका धातूला लागू देऊ नकोस. त्या वायरला बॅटरीची वीज कायम असते, गाडी बंद असली तरी.

हे सगळं ठीक निघालं, तर मात्र दोष अल्टरनेटरच्या आतच आहे. आत बिघडण्यासारख्या गोष्टी मोजक्याच. फिरत्या रोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजतात, आणि जुन्या गाडीत बहुतेकदा तेच असतं. चार्जिंग कधी होतं, कधी नाही, खड्ड्यात गाडी आदळली की दिवा विझतो, ही त्याची खूण. रेग्युलेटर जातो. बेअरिंग जातं, मग घरघर ऐकू येते. डायोड जातात, आणि हे पटकन ओळखू येत नाही, कारण एखादाच डायोड गेला तर अल्टरनेटर थोडी वीज देत राहतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीपाशी मोजलंस तर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसेल. (स्वस्त मीटर एसीवर ठेवले की डीसीला फसून पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतात. पिना उलट केल्यावर शून्य आलं तर मीटर फसलाय असं समज.) शॉर्ट झालेला डायोड बंद गाडीतही बॅटरी पीत राहतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर दुसरं काही शोधायला नको.

आता ज्यासाठी मी खरी काळजीत आहे ते. तुझी गाडी डिझेल आहे. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हवा ओढून ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. तुझ्या गाडीत तसा आहे का ते आजच बघ. अल्टरनेटरच्या मागे जाड रबरी होज (नळी) ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरकडे गेली असेल आणि इंजिन ऑइलच्या दोन नळ्या जोडलेल्या असतील, तर आहे. नुसतं चार्जिंग बंद झालं तर ब्रेकला काही होत नाही, कारण पंप फिरत राहतो. पण बेल्ट तुटला किंवा बेअरिंग जाम झालं तर पंपही थांबतो. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, पुढे पॅडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतात, पण पायाची सगळी ताकद लावावी लागते. अशा वेळी पॅडल पुन्हा पुन्हा मारू नकोस. एकदाच दाब, दाबून धर, गिअर उतरवत ये आणि कडेला थांब. तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवत असेल तर इंजिनही काही मिनिटांत तापतं. म्हणून लाल दिवा लागला की पहिल्यांदा बघायचं की तो एकटाच आहे की सोबत तापमानाचा काटा चढतोय, स्टिअरिंग जड झालंय, ब्रेक कडक झालाय. सोबत काहीही असलं तर एक किलोमीटरसुद्धा पुढे जायचं नाही.

दिवा एकटाच असेल, दिवस असेल, तर थोडं अंतर जाता येतं. जुन्या डिझेल इंजिनाला मेकॅनिकल पंप असेल तर डिझेल चालू ठेवणाऱ्या सोलेनॉइडपुरतीच (विजेवर उघडणाऱ्या झडपेपुरतीच) वीज लागते, त्यामुळे ते बराच वेळ ओढतं. पेट्रोलचं तसं नाही. इग्निशन, इंजेक्टर, फ्यूल पंप, रेडिएटरचा पंखा, सगळं बॅटरीवर. दोन हेडलाइटच ५५ वॉटचे धरले तर ९ अँपिअर घेतात. एकूण भार २५ अँपिअरच्या घरात गेला की ६० ची चांगली बॅटरीही तासाभराच्या पुढे भरवशाची नाही, आणि तुझी काही नवी नव्हे. एसी, ब्लोअर, रेडिओ, मोबाइलचा चार्जर बंद कर. इंजिन मात्र मध्ये बंद करू नकोस. सेल्फला एका दमात शे-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात, ते पुन्हा मिळणार नाहीत. अंधार पडल्यावर निघायचंच नाही. हेडलाइट लावल्याशिवाय चालवता येत नाही, आणि लावले की ते वाटेतच मंदावतात.

दुरुस्ती की नवा? ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग एवढंच असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घे. तो उघडेल तेव्हा जवळ उभी राहा. ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यांना खोल खाच पडली असेल, किंवा वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल, तर त्यावर खर्च करू नकोस, दुसरा घे. घेताना पुलीचे खाचे आणि व्यास, माउंटिंगची भोकं, कनेक्टरच्या पिना जुन्याशी ताडून बघ. अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त चालतील, कमी नकोत. काम झाल्यावर जुना परत मागून घे.

आणि तो का गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू देऊ नकोस. वर टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणातून) तेल ठिबकतंय का? व्हॅक्यूम पंपाचं सील गळून तेल आत शिरलंय का? तेलाने ब्रश चिकट होतात आणि नवा अल्टरनेटरही त्याच वाटेने जातो. तू पुढे बसवलेले ते जादा दिवेही हिशेबात धर. मेलेली बॅटरी तशीच ठेवून नवा अल्टरनेटर जोडणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं. रिकामी बॅटरी भरायला तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतो, तापतो आणि डायोड गमावतो. बॅटरी आधी चार्जरवर भर, मग बसव.

बसवताना पहिल्यांदा बॅटरीचा मायनस काढायचा आणि शेवटी तोच जोडायचा. बेल्ट काढण्याआधी त्याचा फोटो घे. बी प्लसचा नट घट्ट हवा, सैल राहिला तर तिथेच ठिणगी पडून वायर वितळते. व्हॅक्यूम पंप असेल तर ऑइलच्या नळ्यांचे वॉशर नवे टाकायला सांग, पंपात थोडं इंजिन ऑइल सोडायला सांग आणि इंजिन एकदा चालवून बंद केल्यावर ऑइलची पातळी बघ. निघण्याआधी उभ्या गाडीत ब्रेक दाबून बघ, पॅडल मऊ बसलं पाहिजे. नवा बेल्ट थोडा चालला की सैलावतो, तो दोन-चार दिवसांनी पुन्हा ताणून घे.

आज एवढंच कर: बेल्ट बघ, मागे होज आहे का बघ, बॅटरी चार्जरवर लाव. उद्या तीन आकडे मला कळव, गाडी बंद असतानाचा, चालू असतानाचा आणि सगळे दिवे लावल्यावरचा. अर्थिंगचाही मोजलास तर उत्तम. तोवर गाडी हलवू नकोस, कामावर दुसऱ्या सोयीने जा.

तुझी,
आई